दिवाळीआधी बांध साफ करा, नाहीतर ऊस आणि डोंगर दोन्ही जातील

शेतकरी बंधू-भगिनींनो, परतीचा पाऊस ओसरला की डोंगरउतारावरचं गवत बघता बघता पिवळं पडतं आणि त्याच सुमाराला दिवाळी येते. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठाराच्या पायथ्याला किंवा राधानगरी-दाजीपूरच्या जंगलालगत ज्यांची रानं आहेत, त्यांनी बाकीची कामं मागे टाकावीत. वसुबारसेच्या आत बांध साफ झाला पाहिजे.

दरवर्षी हयगय होते ती एकाच ठिकाणी. बांधावरचं गवत कापलं जातं आणि तिथंच पसरलेलं राहतं. उसाचं सोललेलं पाचटही त्याच कडेला. बाण येऊन पडतो तो यातच. पाचटात पडलेली ठिणगी लगेच भडकत नाही. आत काड्या लाल होत राहतात, वर नुसता धुरकट वास. तोवर फटाके उडवणारी पोरं घरी गेलेली असतात. मग वारं सुटतं आणि एका अंगाला ऊस पेटतो, दुसऱ्या अंगाला डोंगर. जळीत उसाचं वजन घटतं, वर कारखान्याची कपात. डोंगरावरची आग तर चढाला माणसापेक्षा जोरात पळते.

म्हणून कापलेलं गवत उचला. वैरणीला न्या, गोठ्यात अंथरा, पण बांधावर ठेवू नका. डोंगराकडच्या बाजूला किमान १० फूट पट्टा माती दिसेपर्यंत खरवडा. उतार उभा असेल तर मी १५ फूट सांगेन. पट्टा जाळून काढायच्या फंदात पडू नका.

दुकानदार म्हणेल, तणनाशक मारा, गवत आपोआप बसेल. बसत नाही. ते उभ्या उभ्या वाळतं आणि हिरव्या गवताच्या आधी पेट घेतं. पैसे देऊन सरपण तयार करण्यातला हा प्रकार आहे. खुरपं आणि कुदळ पुरे.

पाचट जाळायचं नाही, कुजवायचं. ऊस तुटून गेल्यावर शिफारस हेक्टरी अशी: युरिया ८० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १०० किलो, पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक १० किलो. महागड्या बाटल्यांची गरज नाही.

बाकीची कामं:
– पिंजराची (भाताच्या वाळक्या काडाची) गंजी वस्तीपासून लांब, वर ताडपत्री
– गुऱ्हाळावरची वाळती चिपाडं संध्याकाळी गोळा करून झाकणे
– पाठीवरचा पंप धुऊन, साधं पाणी भरून तयार
– ओली गोणपाटं, पाण्याची पिंपं

फटाके गावातल्या मोकळ्या, झाडलेल्या जागेत, तेही रात्री ८ ते १० याच वेळेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी ही वेळ घालून दिली. बाण आणि हवेत सोडायचे कागदी कंदील शिवारात नकोतच. माझा अंदाज असा की, आठच्या सुमाराला दव अजून धरलेलं नसतं. गवत मुठीत चुरगाळा. कुरकुरलं तर त्या रात्री रानाकडे एक फुलबाजीसुद्धा नको. राखीव वनाला धोका होईल अशी आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, हे पोरांनाही सांगा.

फटाके संपल्यावर बांधावरून एक फेरी मारा, पहाटे दुसरी. धूर दिसला तर कडेनं, ओल्या फांदीनं झोडपत या. आगीच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहू नये. आग डोंगराला लागली असेल तर आधी वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन, मग धावपळ.