सेकंडहँड शंभर सीसी गाडी घ्यायची का? आधी एवढं बघून घ्या

सोलापुरात जुनी गाडी घ्यायची म्हणलं की पहिला प्रश्न हाच येतो, शंभर सीसी घेऊ का थोडे पैसे घालून दीडशे घेऊ. आणि सल्ला देणारे लई भेटतात, एक म्हणतो शंभरला दम नाही, दुसरा म्हणतो मोठी गाडी पेट्रोल पिते. पण तुमची गाडी रोज जाणार कुठं आणि मागं बसणार कोण हे कुणी विचारत नाही, आणि खरं सगळं उत्तर तिथंच आहे.

तुम्ही जुळे सोलापूरला राहता, नवी पेठेत दुकानात कामाला जाता किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत ड्युटी आहे, बहुतेक वेळा एकटेच असता, तर शंभर सीसी डोळे झाकून योग्य आहे. सात रस्त्याच्या सिग्नलला, मार्केटच्या गर्दीत तुम्ही तसंही चाळीसच्या वर जात नाही. हिशोब करून बघा, रोज ४० किलोमीटर रनिंग, शंभरची गाडी ६० चं अ‍ॅव्हरेज देते आणि दीडशेची ४५ चं, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला २३ रुपयांचा फरक पडतो, २६ दिवसांचे सहाशे झाले. पगारदार माणसाला महिन्याचे सहाशे कमी नाहीत. टायर, चेन, क्लच प्लेट हे पण शंभरचं स्वस्त पडतं आणि कुठल्याही खेड्यातल्या मिस्त्रीकडं मिळतं. इन्शुरन्समध्ये मात्र काही वाचेल असं समजू नका, थर्ड पार्टीसाठी ७५ ते १५० सीसी हा एकच गट आहे, शंभर असो का दीडशे हप्ता सारखाच.

आता दुसरी बाजू. स्प्लेंडरसारख्या गाडीचं इंजिन ९७ सीसी, ताकद साधारण ८ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), पल्सर १५० ची १४ पीएसच्या आसपास. शहरात हा फरक जाणवत नाही, पण बायको आणि लेकराला घेऊन दर पौर्णिमेला तुळजापूरला जात असाल तर घाटात तिसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि एप्रिल-मे मध्ये ४२-४३ च्या उन्हात हवेवर थंड होणारं छोटं इंजिन डबलसीट ओढताना चांगलंच तापतं. जास्त काळजी मला ओव्हरटेकची वाटते. कारखाने सुरू झाले की मोहोळ, पंढरपूरच्या बाजूला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री बिगर लाईटचे चाललेले असतात, त्यांना ओलांडायला शंभरच्या गाडीला डबलसीट असताना लई लांब रस्ता मोकळा लागतो, आणि समोरून गाडी आली तर मूठ पिळून पण काही मिळत नाही कारण ती आधीच पूर्ण पिळलेली असते. म्हणून माझं स्पष्ट मत, आठवड्यातून दोन-तीनदा हायवेला डबलसीट जाणं असेल तर शंभर घेऊ नका, निदान १२५ बघा. कधीतरी वर्षातून चार वेळा अक्कलकोट किंवा पंढरपूर असेल तर शंभर चालते, ५०-५५ ने जायचं, मध्ये एकदा थांबायचं.

शंभरच घ्यायची ठरलं तर गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम असेल तर थोडं थांबा, चहा घ्या, गार होऊ द्या, कारण गार इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. चालू केल्यावर सायलेन्सरमागं उभं राहून बघा, थोडी पांढरी वाफ येऊन गेली तर काही नाही, पण निळसर धूर येतोय, रेस दिल्यावर वाढतोय, म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. छोट्या इंजिनात हे जास्त बघावं लागतं कारण या गाड्या कायम ओझ्यावर पळालेल्या असतात, दुधाचे कॅन, गॅसच्या टाक्या, तिघं-तिघं. मग मिस्त्रीला प्लग काढायला लावा. प्लगचं टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर इंजिन निरोगी, काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय म्हणजे कार्बोरेटर नाहीतर एअर फिल्टरचं काम, आपल्याकडच्या धुळीत हे कॉमन आहे आणि स्वस्तात होतं. पण काळं आणि तेलकट ओलं असेल तर हाफ इंजिनचं काम, म्हणजे सिलेंडर-पिस्टन उघडायचं काम, समोर उभं आहे असं समजा, आणि तेवढे पैसे किमतीतनं कमी होत नसतील तर सोडून द्या.

चालवून बघताना फक्त गल्लीत फिरवू नका. आसरा पुलावर चढवा, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ द्या, इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी त्या मानानं पुढं जात नाही म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. वीस मिनिटं चालवून बंद करा आणि लगेच परत चालू करा, गरम झाल्यावर किक मारून मारून घाम काढणारी गाडी उन्हाळ्यात तुम्हाला रोज रडवणार.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, काटा मागं नेता येतो. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल, हँडल ग्रिप बघा, २० हजार किलोमीटर दाखवतंय आणि पेडल झिजून गुळगुळीत झालंय तर ते जुळत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, म्हणजे दिसायला नक्षी असली तरी टायर किती जुनं आहे ते कळतं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय.

मॉडेलचं वर्ष पण महत्त्वाचं. एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाईट कायम चालू असतो, एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) आलं आणि बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तुम्ही खेडेगावात राहत असाल आणि जवळ सेन्सर तपासायचं मशीन असलेला मिस्त्री नसेल तर त्याच्या आधीची कार्बोरेटरवाली गाडी बरी पडते. शहरात असाल तर बीएस ६ च घ्या, सकाळी पटकन चालू होते. फक्त टाकी कायम रिझर्व्हला ठेवू नका, आतला पंप पेट्रोलमुळंच थंड राहतो. आणि रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढं रिन्यूअलचा खर्च धरा.

पैसे द्यायच्या आधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका, बोजा (गाडीवर कर्ज) आहे का, इन्शुरन्स कधी संपतोय, चलनं किती पेंडिंग आहेत सगळं बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, हँडलखाली चेसिसवर कोरलेला असतो, चिखल असेल तर कापडानं पुसून वाचा. फायनान्सची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ पाहिजेच. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचीच हवी, मधल्या एजंटची नाही. एमएच १३ (सोलापूर) सोडून दुसरं पासिंग असेल, विशेषतः कर्नाटकचं, तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. आणि मालक म्हणले, "नाव नंतर करून घेऊ की, काय घाई आहे", तर थोडी रक्कम मागं ठेवा आणि नवीन आरसी तुमच्या नावावर आली की मगच द्या.