गवताळ माळ मुद्दाम जाळताय? मग या चुका टाळा

आधीच सांगते, मी जाळायच्या विरोधात अजिबात नाही. प्रेअरी, म्हणजे उत्तर अमेरिकेतला गवताळ माळ, आगीवरच टिकलीय. अमेरिकेत कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये दर वसंतात गुरं पाळणारे लोक माळ जाळतात, कारण गवताचा जीव जमिनीखाली असतो, वरचा वाळका थर जळून गेला की ऊन थेट मातीला लागतं आणि नवीन फुटवा जोरात येतो. तेच जाळणं बंद केलं की काही वर्षांत ईस्टर्न रेड सीडरची (सुईसारख्या पानांची) झाडं घुसतात आणि माळाचं रान होऊन जातं. जाळायला हवंच. पण मी बघितलंय की लोकांचं लक्ष सगळं काडी लावण्यावर असतं, आणि गडबड होते ती एकतर त्याच्या आधी नाहीतर चार दिवसांनी.

"आज ठरलंय ना, मग आजच"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माणसं जमलेली असतात, टँकर आलेला असतो, परवानगीचा कागद हातात असतो, अशावेळी "आज नको" म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नाही. 2000 च्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोत बँडेलियर या संरक्षित सरकारी जागेत मुद्दाम लावलेला जाळ वाऱ्याने हाताबाहेर गेला आणि लॉस अलामोस गावातली दोनशेपेक्षा जास्त घरं गेली. तो जंगलाचा भाग होता, माळ नव्हता, पण आग लावणारे सरकारी पार्क खात्याचेच लोक होते हे विसरू नका. म्हणून आकडे आधीच कागदावर लिहा: गवतासाठी साधारण आर्द्रता 30 ते 55 टक्के, वारा ताशी 8 ते 24 किलोमीटर, तापमान 27 अंशांच्या खाली (तुमच्या भागातल्या यंत्रणेने याहून कडक मर्यादा दिली असेल तर तीच धरा). यातलं एकही बसत नसेल तर सामान गुंडाळा आणि घरी जा. ज्याच्या हातात सूत्रं आहेत त्याने सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवावं की आज रद्द होऊ शकतं, मग ऐनवेळी कुणाला तोंड वाकडं करायला जागा राहत नाही.

सकाळचा आकडा दुपारी वापरणं

हवेतली वाफ तेवढीच राहिली आणि तापमान 11 अंशांनी वाढलं की आर्द्रता जवळपास निम्मी होते. म्हणजे सकाळी 15 अंशांना 60 टक्के बघून तुम्ही निवांत चहा घेत बसलात तर दुपारी 26 अंशांना ती 30 वर आलेली असते, आणि वाळकं गवत इतकं बारीक असतं की तासाभरात हवेइतकंच कोरडं होतं. त्यामुळे फोनवरचा अंदाज पुरेसा नाही, जागेवर उभं राहून दर अर्ध्या तासाने मोजा आणि मोठ्याने सगळ्यांना सांगा.

वारा नाही म्हणजे सेफ आहे असं समजणं

उलट! पडलेला वारा मला जास्त खटकतो. वारा एकाच दिशेने नीट वाहत असेल तर आग कुठे जाणार हे कळतं, धूर वर उचलून लांब जातो, पण वारा पडला की तो कुठूनही उठतो, आग स्वतःच हवा ओढायला लागते आणि तुम्ही ज्या बाजूला निर्धास्त उभे होतात तीच बाजू पुढची होते. थंड हवेचा पट्टा येणार असेल तर वारा अचानक फिरतो, त्या दिवशी जाळूच नका.

जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) कापली पण साफ केली नाही

मॉवर (गवत कापायचं यंत्र) फिरवला, छान पट्टा दिसला, झालं काम. नाही झालं. खाली वाकून बघा, कापलेलं गवत त्याच पट्ट्यात आडवं पडलेलं असतं, वरून वाळलेलं, खालून थोडं ओलं, आणि आग त्यातून हळूहळू सरपटत पलीकडे जाते, ज्वाळा नसल्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही. ते गवत रेकने ओढून लांब न्या, जमलं तर माती उघडी करा. रेषेच्या जवळ सीडरचं झाड असेल तर आधीच कापून लांब हलवा, त्यात तेल असतं, पेटलं की एका दमात भडकतं आणि ठिणग्या रेषेच्या पार उडतात.

मग क्रम. वारा ज्या बाजूला जातोय तिथे पहिली आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू मागे सरकते आणि रेषेला लागून काळा पट्टा तयार होतो, तो चांगला रुंद झाला की दोन्ही कडा, आणि वाऱ्याच्या बाजूने धावणारी मोठी आग अगदी शेवटी. घाई झाली की लोक हाच क्रम मोडतात, काळा पट्टा चार पावलं झाला की म्हणतात लाव आता. डोक्याएवढं गवत असेल तर चार पावलं म्हणजे काहीच नाही. त्याआधी एका कोपऱ्यात छोटा तुकडा पेटवून बघा, धूर आणि ज्वाळा कशा वागतात ते कळतं, आवडलं नाही तर तिथेच विझवा.

ड्रिप टॉर्चमध्ये (पेटतं इंधन थेंबाथेंबाने गवतावर टाकायचा डबा) साधारण 3 भाग डिझेल आणि 1 भाग पेट्रोल. पेट्रोल वाढवू नका, भडका उडतो. अंगावर सुती कपडे आणि चामड्याचे बूट-हातमोजे, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पंप आग लावायच्या आधी चालू करून पाणी येतंय का बघा, आग लागल्यावर दोरी ओढत बसायची वेळ येऊ नये. आणि टॉर्चवाल्याने न जळलेल्या गवतात एकट्याने आत शिरू नये, जळून काळी झालेली जमीन हीच पळायची जागा, ती कायम एका उडीवर पाहिजे.

धुराचं म्हणाल तर रस्ता आणि विजेच्या तारा, दोन्ही तपासा. दाट धुरातून वीज जमिनीकडे उतरू शकते, तारांखाली माणूस उभा करू नका. शेजाऱ्यांना आणि फायर ब्रिगेडला आधी कळवा.

आणि प्लीज, सगळा माळ एकदम जाळू नका. रीगल फ्रिटिलरी फुलपाखराच्या अळ्या थंडीत वाळक्या पाचोळ्यात असतात, त्यांना पळता येत नाही. एक भाग दरवर्षी सोडा.

ज्वाळा गेल्या, आपण निघालो

2012 च्या मार्चमध्ये कोलोरॅडोत लोअर नॉर्थ फोर्कला लावलेला जाळ चार दिवसांनी जोराच्या वाऱ्यात परत उठला आणि तीन माणसं गेली. न्यू मेक्सिकोत तर 2022 च्या जानेवारीत पेटवलेले लाकडाचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले आणि एप्रिलमध्ये तिथूनच वणवा उठला. माळावर लाकडाचे ढीग नसले तरी वाळलेलं शेण असतं, कुंपणाचे खांब असतात, जुने बुंधे असतात. शेण वरून राखेसारखं करडं दिसतं, काठीने फोडलं की आत लाल निखारा! हातमोजा काढून पालथा हात आधी जवळ न्या, धग लागत नसेल तरच टेकवा, गरम वाटलं तर फोडा, पाणी ओता, परत हात लावून बघा. रेषेपासून आत निदान तीस मीटरचा पट्टा असा सगळा तपासायचा, संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापल्यावर परत, आणि पुढच्या आठवड्यात ज्या दिवशी वारा सुटेल त्या दिवशी पुन्हा एक फेरी.