पायाला पलस्तर असताना गाडीत बसायची युक्ती

धुऱ्यावरून पाय घसरला आणि उजव्या पायाला पलस्तर चढलं. तपासणीला तालुक्याला जायचं, पण मोटारसायकल बंदच: उजव्या पायाशी मागचा ब्रेक, डाव्याशी गिअर. बिनगिअरची स्कूटीही नको, थांबताना सगळा तोल पायावरच येतो. (मी "फाट्यापर्यंतच" म्हणून निघालो होतो, बायकोनं चावी काढून घेतली.)

शेवटी शेजाऱ्याच्या कारमध्ये बसलो, ते असं:

१. चालकाशेजारची सीट पूर्ण मागे सरकवा. पाठ मात्र फार पाडू नका, पट्टा ढिला पडतो.
२. सीटवर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी पसरा.
३. पाठमोरं होऊन आधी बूड टेका, मग दोन्ही पाय एकदमच आत फिरवा. पिशवीवरून अंग आपसूक फिरतं. पलस्तराचा पाय कोणीतरी खालून धरावा.
४. पिशवी काढा, मगच पट्टा लावा. राहिली तर ब्रेक लागताच माणूस पुढे घसरतो.

वाटेत बोटं निळी पडली किंवा बधिर झाली, तर घरी परतू नका, थेट दवाखाना गाठा.

पलस्तर निघालं तरी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय गाडी चालवायची नाही. मग आधी उभ्या, बंद गाडीत ब्रेक जोरात दाबून पाहा. कळ आली तर अजून एसटीच बरी.