हृदयाची काळजी: सुरुवात किराण्याच्या यादीपासून

हृदय सांभाळायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली गदा ताटावर येते: तूप बंद, भात बंद, सावजी (नागपूरचा झणझणीत रस्सा) बंद. हा उत्साह पंधरवड्यात ओसरतो, कारण त्यामागे मोजमाप नसते. त्यापेक्षा मागच्या महिन्याचे किराण्याचे बिल काढावे आणि त्यातील तेल, मीठ व साखर या तीनच ओळी आधी पाहाव्यात.

चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे तेल येते. एवढ्यात घरचा स्वयंपाक व्यवस्थित होतो. बिलात पाच-सहा लिटर दिसत असेल, तर तेल बाटलीतून थेट कढईत ओतण्याची सवय सोडून ते चमच्याने मोजून घालावे आणि दर महिन्याला अर्धा लिटर कमी करत जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जायला हवे. या हिशेबाने चौघांना एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरली पाहिजे; ती महिन्यात संपत असेल, तर प्रत्येक जण रोज आठ ग्रॅमहून अधिक मीठ खातो आहे, आणि यात लोणचे, पापड, शेव-चिवडा यांतून बाहेरून येणारे मीठ धरलेलेच नाही. साखरेची इष्ट मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम मानली जाते, म्हणजे चौघांना महिन्याला तीन किलो. मात्र मिठाई, शीतपेये आणि बिस्किटांतली साखरही त्यातच मोजायची असते. मीठ हळूहळू कमी केले, तर काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

आता सावजीविषयी, कारण नागपुरात हा विषय टाळून आहाराचे बोलणे पूर्ण होत नाही. माझ्या मते सावजीचे तिखट विनाकारण बदनाम झाले आहे. हृदयाच्या दृष्टीने प्रश्न मसाल्याचा नसून रश्शावर तरंगणाऱ्या तर्रीचा, चरबीदार मटणाचा आणि सढळ हाताने घातलेल्या मिठाचा आहे. मटणाच्या चरबीत असतो तसा संपृक्त स्निग्धांश जास्त पोटात गेला की रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि तेच वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत जाते. घरी मसाला कोरडा भाजून घ्यावा, चरबी काढलेले मटण किंवा कातडी काढलेले कोंबडीचे मांस वापरावे आणि रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी चरबी वर थिजलेली असते आणि तेलही वरच आलेले असते, ते पळीने काढून टाकता येते. चव मसाल्यात उरतेच. तर्री-पोह्यांतही हरभरा हा खरा गुणाचा भाग आहे, तेव्हा वरचे तेल आणि शेव कमी मागून हरभरा जास्त मागावा. आलूबोंडा मात्र वारंवार तापवलेल्या तेलात तळला जातो, त्यामुळे तो क्वचितच खाल्लेला बरा.

विदर्भाच्या जुन्या जेवणात हृदयाला मानवणारे पदार्थ आधीपासूनच आहेत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, बरबटीच्या शेंगा, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी यांतून तंतू आणि प्रथिने मिळतात. जवसात ओमेगा-३ या हितकारक स्निग्धांशाच्या गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते. अख्खे जवस बरेचदा न पचताच बाहेर पडते, म्हणून ते भाजून कुटावे, आणि चटणीवर कच्च्या तेलाची धार धरण्याचा मोह आवरावा. गोळाभातावरच्या गरम फोडणीलाही हेच लागू आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा असावा. संत्री सोलून खावीत, कारण रस काढला की बहुतेक तंतू चोथ्यात जातात आणि एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर सहज पोटात जाते. संत्रा बर्फीची गणना फळांत करू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

वजनाच्या काट्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी. पोटाचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे वजन जास्त समजले जाते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हा आकडा सुमारे ६३ किलोवर येतो. ८० किलोच्या माणसाने तिथवर पोहोचण्याची घाई करू नये. चार ते आठ किलो उतरले, तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) यांत फरक दिसू लागतो.

आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालावे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने, आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सेमिनरी हिल्स किंवा फुटाळ्याचा फेरफटका सूर्योदयाच्या सुमारास आटोपावा आणि परतीच्या वाटेवरची नाश्त्याची गाडी शक्यतो मागे टाकावी. हृदय कमकुवत असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हाळ्यात हे प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे.

खर्ऱ्याला, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाला, तडजोड नाही. धूर निघत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्यातील तंबाखूच्या निकोटिनने नाडीची गती आणि रक्तदाब वाढतो. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. आईवडिलांना किंवा भावंडांना कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर याबाबत अधिक दक्ष राहावे. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा टाळावा आणि पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. औषधे सुरू असतील, तर आहार सुधारल्याच्या आनंदात ती स्वतःहून बंद करू नयेत.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, थंड घाम, धाप, मळमळ यांपैकी काही जाणवले, तर ‘सावजी बाधले असेल’ असे म्हणून सोडा घेत बसू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत कधीकधी छातीत न दुखता केवळ धाप किंवा विलक्षण थकवा येतो. अशा वेळी १०८ वर फोन करावा, रुग्णाला चालवू नये आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये.