उणे शंभर किलो बांगडा : नॉर्मल वितरण लावताना या चुका टाळा

कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट बघताना एक गोष्ट हमखास दिसते. डेटा मासळीचा असो, आंब्याचा असो की पावसाचा, दुसऱ्या पानावर नॉर्मल वितरणाचा, म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र काढलेला असतोच.

समजा, जेटीला सकाळी दहा होड्या लागल्या. बांगडा किलोत असा : १२, १५, १८, २०, २२, २५, ३०, ३८, ६०, २६०. सरासरी ५०, पण दहातल्या आठ होड्या पन्नासच्या खालीच, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) साडेतेवीस. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) सुमारे ७५. आता नॉर्मल वितरणाचा 'सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांत ९५ टक्के नोंदी' हा नियम लावा : उणे १०० ते २००. म्हणजे एखादा तांडेल जाताना शंभर किलो बांगडा घरून घेऊन गेला आणि समुद्रात सोडून आला! शून्याखाली जाऊच शकत नाही अशा राशीची सरासरी प्रमाण विचलनापेक्षा लहान आली, तर तिथेच थांबा. थवा जाळ्यात आला की मासळी बेरजेने नाही, पटीने वाढते. अशा वेळी आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम, जो पटींना बेरजेत बदलतो) घेऊन बघा. चित्र बरंच सावरतं. २६० वाली होडी तरीही जरा बाजूलाच राहते, आणि राहू दे.

रोजच्या पावसाचंही तेच, किंबहुना वाईट. उन्हाळाभर शून्यांची रांग आणि मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. कुठल्या घंटेत बसवणार?

हापूसच्या वजनाला वक्र बऱ्यापैकी शोभतो, कारण ऊन, पाणी, फांदीवरची जागा अशा अनेक लहान कारणांची ती बेरीज असते. पण पोरं वजन करतात पेटीतल्या फळांचं. तोवर निवड झालेली असते. बारीक आंबा बाजूला, मोठा वेगळ्या पेटीत, दोन्ही टोकं छाटलेली. वजन काढणीनंतर लगेच, निवडीआधी करा. आणि पायरी त्यात मिसळू नका. दोन जातींच्या सरासऱ्या जवळ असल्या तर दोन उंचवटे दिसतही नाहीत, नुसता एक रुंद, फसवा ढीग दिसतो.

'तीसच्या वर नोंदी आहेत, म्हणजे नॉर्मल' हे तर मी दर वर्षी ऐकतो. नमुना वाढला की घंटेकडे झुकतं ते नमुन्यांच्या सरासरीचं वितरण; होड्यांची मासळी होती तशीच वाकडी राहते.

डेटा नॉर्मल आहे का हे तपासणाऱ्या शापिरो-विल्क चाचणीवरही विसंबू नका. आठ-दहा नोंदींत ती बरंच काही पास करते, हजारो नोंदींत किरकोळ वाकडेपणावरही नापास. चाचणीचा पी (डेटा खरंच नॉर्मल असता तर निदान इतका वाकडेपणा योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर आला म्हणजे नॉर्मल सिद्ध झालं, असं नाही. मी आधी क्यू-क्यू आलेख काढतो : आडव्या अक्षावर डेटा नॉर्मल असता तर अपेक्षित आकडे, उभ्या अक्षावर आपले. ठिपके रेषेवर असले तर ठीक. उजवं टोक वर उडालं, तर लांब शेपूट. समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज) करत असाल तर हा आलेख मूळ आकड्यांचा नको, उरलेल्या त्रुटींचा (खरा आकडा वजा अंदाज) काढा.