मिरगाच्या आधी ब्रेक: जुन्या टूरिंग सायकलची तयारी

बेळगावातून पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि तोही पावसात, असं मनात असेल तर सायकलच्या ब्रेकचं काम मे महिन्यातच हाती घ्या. मिरग लागल्यावर कणकुंबीच्या पट्ट्यात रस्ता कोरडा सापडणं कठीण, आणि सुटे भाग पुण्या-मुंबईहून मागवायचे तर दोन-तीन आठवडे हातात हवेत. गेल्या वर्षी मी हे पुढं ढकललं होतं. जूनमध्ये घाटातल्या एका वळणाआधी दोन्ही लिव्हर आवळल्या तरी सायकल तशीच पळत राहिली. चाकाचे तीन-चार फेरे झाले, रिमवरचं पाणी निपटलं, आणि मग कुठं रबरानं पकड घेतली. तोवर पुढचं चाक रस्त्याकडेच्या चरीत गेलं होतं. लागलं काही नाही, पण ते तीन-चार फेरे अजून आठवतात. यंदाची तयारी त्यातूनच झाली, ती सविस्तर लिहितो.

सायकल बाबांची. कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी घेतलेली, सत्तरच्या दशकातली. खाली वळलेलं हँडल, 27 इंची चाकं, क्रोम केलेल्या पोलादी रिमा आणि सेंटर-पुल ब्रेक, म्हणजे मधली वायर आडव्या वायरीनं ब्रेकचे दोन्ही हात एकदम वर ओढते तसले. अशा सायकलीवर काम करताना मी एक गोष्ट आधीच ठरवली, तुम्हीही ठरवा: फ्रेमला भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, काही घासायचं नाही. जे बसवू ते उद्या काढून मूळचं परत लावता आलं पाहिजे. म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याचं नव्हे, फोटो काढण्याचं. वायर कुठून कुठं जाते, वॉशर कोणत्या क्रमानं आहेत, हे चारही बाजूंनी टिपून ठेवा. निघेल तो प्रत्येक नट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाऊ द्या, पुढचे वेगळ्या पुडीत, मागचे वेगळ्या.

मग रिम बघा. मी खरं तर नवे ब्रेक घ्यायच्याच विचारात होतो. शहापुरातल्या ज्या मिस्त्रींकडे बाबा सायकल न्यायचे त्यांना दाखवली. त्यांनी बोट ओलं करून रिमवरून फिरवलं आणि म्हणाले, "ब्रेक बदलून काय होतंय रे बाळ? रिम बदल की आधी." "पण काका, ब्रेकच जुने आहेत की," मी म्हटलं. "ब्रेक चांगले आहेत. हे बघ, काचेसारखं गुळगुळीत आहे. पाण्यात रबर धरणार कशाला?"

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. क्रोमचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की पाण्याचा पातळ थर रबर आणि रिम यांच्यामध्ये टिकून राहतो, आणि तो पुसला जाईपर्यंत घर्षण जवळजवळ नसतंच. ॲल्युमिनियमच्या रिमवर रबर ओल्यातही कितीतरी लवकर पकडतं. तुमच्या रिमा पोलादी असतील तर खर्चाचा पहिला रुपया तिथं जाऊ द्या. लोहचुंबक लावून बघा, चिकटलं की पोलाद.

रिम मागवण्याआधी हबची भोकं मोजा. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढं 32 आणि मागं 40 तारा असायच्या, आणि 40 भोकांची रिम आज शोधत बसावं लागतं. माझ्या हबना दोन्हीकडे 36 निघाली, त्यामुळे सोपं गेलं. दुसरा प्रश्न मापाचा. 27 इंची चाकाचा टायर जिथं बसतो तो व्यास 630 मिमी, आणि हल्लीच्या 700 सी चाकाचा 622. फरक आठाचा, म्हणजे त्रिज्येत चार मिलिमीटर. 700 सीचे टायर-ट्यूब आता हायब्रिड सायकलींमुळे कोणत्याही शहरात मिळतात, म्हणून मी तिकडे वळलो. पण हे चार मिलिमीटर लक्षात ठेवा, कारण रिम तेवढी खाली सरकते आणि ब्रेकच्या रबराला तेवढं जास्त खाली पोचावं लागतं. रिम बदलली की तारांची लांबीही बदलते. जुन्या तारा नव्या रिमेत कोंबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. चाक घट्ट, सरळ बसवा. पुढच्या चिमट्याला, म्हणजे फोर्कला, वर जिथं ब्रेकचा बोल्ट जातो त्या भोकाच्या मध्यापासून खाली रिमच्या घासण्याच्या पट्टीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मोजपट्टी तिरपी धरू नका. चिमट्याच्या रेषेतच खाली उतरवा. मागेही तसंच, दोन दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलावरच्या भोकापासून. तीनदा मोजा आणि लिहून ठेवा. माझ्या सायकलीला जुन्या चाकावर पुढं 66 आणि मागं 71 आलं. त्यात चार मिळवले: पुढं 70, मागं 75.

इथंच माझा निर्णय झाला. जास्त पोच असलेल्या, म्हणजे बोल्टपासून जास्त खालपर्यंत रबर नेणाऱ्या, ड्युअल-पिव्हट (दोन खिळींच्या) ब्रेकमध्ये टेक्ट्रो कंपनीचा आर 559 हा 55 ते 73 मिमीपर्यंत पोचतो. पुढं चालला, मागं दोन मिलिमीटरनं हुकला. दुकानात "बसतंय की" म्हणून कुणी हातात दिलं तरी असा ब्रेक घेऊ नका. रबर रिमऐवजी टायरला टेकलं तर ट्यूब उतारावरच फुटेल. मागं मी जुना सेंटर-पुलच ठेवला. त्याच्या खाचेत रबर आणखी सहा मिमी खाली येत होतं. काढून रॉकेलमध्ये धुतला, खिळींना ग्रीस लावलं, नवीन रबर बसवले. नीट लावलेला सेंटर-पुल हा चांगला ब्रेक आहे आणि तो उगाच भंगारात काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना जास्तीत जास्त भार पुढच्या चाकावर येतो. पैसे मोजकेच असतील तर पुढचं आधी करा.

ड्युअल-पिव्हटचे दोन्ही हात वेगवेगळ्या खिळींवर फिरतात. तेवढ्याच आवळण्यात तो जास्त जोर देतो, पण त्याचं तोंड कमी उघडतं. म्हणून चाकाचा आऊट अगदी बारकाईनं काढून घ्या. डावी-उजवीकडे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलायला नको, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला रबर घासेल आणि तुम्ही वैतागून ब्रेक सैल करून ठेवाल.

बोल्टचा प्रकार ऑर्डर देण्याआधी बघा. जुन्या फ्रेमवर 6 मिमीचा बोल्ट आरपार जाऊन मागून साधा नट लागतो. नव्या ब्रेकना बहुधा आत शिरणारा लांब नट असतो, त्यासाठी चिमट्याच्या मागच्या भिंतीचं भोक 8 मिमी करावं लागतं. मी ते केलं नाही. नटवाला प्रकार मागवला, मिळायला आठवडाभर जास्त लागला इतकंच. दुसरी गोष्ट सहज निसटते: सेंटर-पुलची वायर अडवणारी पट्टी हँडलच्या कपांमध्ये वॉशरसारखी अडकवलेली असते. ती काढली की तेवढी जागा रिकामी होते आणि वरचा नट नीट आवळत नाही. तिथं तेवढ्याच जाडीची रिंग हवी.

बेळगावात राहण्याचा फायदा इथं झाला. उद्यमबागेत लेथ आहेत, आणि छोट्या कामालाही नाही म्हणणारे कमी. वर्नियरनं पट्टी मोजली तर 2.1 मिमी. टर्नरमामांनी ॲल्युमिनियमच्या गोल सळीतून आत 25.4 ला किंचित सैल अशी रिंग उतरवली आणि सोबत चिमट्याच्या गोलाईवर बसेल असा, एका बाजूनं खोलगट वॉशरही करून दिला. सपाट वॉशर गोल पृष्ठभागावर दोनच रेषांवर टेकतो आणि ब्रेक हलत राहतो. खोलगट बसवला की हाताला फरक कळतो. मामांनी रिंग आपल्या बोटावर घेऊन उजेडात धरली, कडा कानशीनं मोडली आणि मगच हातात दिली.

लिव्हर जुन्याच चालतात. हँडलच्या वरच्या आडव्या भागाला लागून दुसरी जास्तीची लिव्हर असेल तर ती मात्र काढून टाका. ती वाकते आणि मुख्य लिव्हरची चाल खाते. कुणी व्ही-ब्रेक (हल्लीच्या माउंटन सायकलींवरचे लांब हातांचे) सुचवले तर या लिव्हरवर ते घेऊ नका, त्यांना साधारण दुप्पट वायर ओढावी लागते. आपल्याकडे उजवी लिव्हर पुढच्या ब्रेकची. बाहेरून आलेल्या सायकलीत उलटं असू शकतं. मोटारसायकल चालवणाऱ्या हाताला उजवीकडेच पुढचा ब्रेक सापडतो, म्हणून मी तसंच केलं.

वायर आणि तिचं कव्हर दोन्ही नवीन घ्या. आतली दीड-एक मिमीची स्टेनलेस, बाहेरचं 5 मिमीचं ब्रेकचंच कव्हर. गिअरचं कव्हर वरून सारखं दिसतं, पण त्यातल्या तारा लांबीच्या दिशेनं असतात आणि ब्रेकच्या जोरानं ते फाटू शकतं. जुनी वायर दुकानात सोबत न्या, म्हणजे टोकाचा गोळा जुळवता येईल. कव्हर कापल्यावर टोक कानशीनं सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी दाभणानं मोकळी करा. दबलेल्या नळीमुळे लिव्हर जड लागते आणि दोष ब्रेकला मिळतो. लांबी ठरवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

रबराच्या बाबतीत काटकसर नको. जुने रबर नखानं दाबा. दबत नसेल तर टाका. पावसासाठी कूल-स्टॉप कंपनीचे तांबूस-केशरी रबर मी घेतले, ओल्यात ते छान धरतात. रबराची पत्र्याची खोबण एका बाजूनं उघडी असेल तर बंद बाजू पुढं, प्रवासाच्या दिशेला, ठेवा. उलटं बसवलं तर आवळताच रबर सरकून बाहेर पडतं आणि उरतो नुसता पत्रा. रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकावं, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा धरा, लिव्हर आवळून ठेवा, नट घट्ट करा, मग कागद काढा.

हत्यारं फार लागत नाहीत: 10 चा पाना, 5 ची ॲलन की, पक्कड, वायर कापायचं चांगलं कटर, कानस, दाभण. टॉर्कचा पाना मिळाला तर मुख्य नट 8 ते 10 न्यूटन-मीटर, रबराचे 5 ते 7. शेवटी रिम स्पिरिटनं पुसा. तेलाचं बोट लागलं असेल तर सगळी मेहनत फुकट. मागं सेंटर-पुल असेल तर मडगार्ड काढू नका. मुख्य वायर तुटली तर आडवी वायर टायरवर पडण्याऐवजी त्याच्यावर पडते.

घरात सळीच्या ब्रेकची काळी सायकल असेल तर यातलं फारसं तिला लागू नाही. तिच्या 28 इंची रिमला कडेची सपाट पट्टीच नसते, रबर आतून, तारांच्या बाजूनं दाबतं. तिला ब्रेक सुधारायचे तर ड्रमवालं हब हा मार्ग.

चाचणी पायरीपायरीनं घ्या. आधी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे, रिकामी सायकल. मग दोन्ही पिशव्यांत पाच-पाच किलो तांदूळ भरून. मग तिथंच रिमांवर बाटलीनं पाणी ओतून, हळू वेगात, लिव्हर आवळल्यापासून किती फेरे जातात ते कुणाला तरी बाजूला उभं करून मोजायला सांगा. माझ्या बहिणीनं मोजलं: एकाच्या आत. त्यानंतर यळ्ळूरच्या गडाचा उतार, आणि तो जमला तरच चोर्ला.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये कव्हर आपल्या जागी बसतं आणि लिव्हर हँडलकडे जास्त येऊ लागते. तेव्हा वायर पुन्हा ताणून घ्या आणि सगळे नट एकदा तपासा. 10 चा पाना मी पुढच्या पिशवीत वरच ठेवलाय, जांबोटीला चहाला थांबलो की पहिल्यांदा तोच बाहेर येईल.