सोलापुरात बसून 'मेड इन जपान' नीट ऐकायचा कसा

आधीच सांगतो, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम शफलवर टाकून ऐकणार असाल तर राहू द्या. सातच गाणी आहेत, सगळी मिळून सव्वा तासाच्या जरा वर, आणि ती आहे त्या क्रमानं एका बैठकीत ऐकायची. सव्वा तास कुठनं काढू म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या गाडीत लावावा, सोलापूर सुटताना सुरू केला की कुर्डुवाडीच्या आसपास संपतो. पण ते दुसऱ्या वेळेला, पहिल्यांदा घरीच ऐका.

त्याच्या आधी थोडा होमवर्क लागतो. 'हायवे स्टार', 'स्मोक ऑन द वॉटर', 'लेझी' आणि 'स्पेस ट्रकिन' ही चार गाणी १९७२ च्या 'मशीन हेड' या स्टुडिओ अल्बममधली, 'चाइल्ड इन टाइम' १९७० च्या 'इन रॉक'मधलं, 'द म्यूल' १९७१ च्या 'फायरबॉल'मधलं, आणि 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' १९७१ चं सिंगल. ही सगळी आधी स्टुडिओत वाजवलेली ऐकायची, अगदी पाठ व्हायला पाहिजेत असं नाही पण चाल डोक्यात बसली पाहिजे. कारण लाइव्हची मजा सगळी फरकात आहे, मूळ काय होतं तेच माहीत नसेल तर तिथं स्टेजवर काय उद्योग करून ठेवलाय ते कळणार कसं, मग 'लै लांबवलंय बे' एवढंच म्हणून लोकं बंद करतात.

आता खोली. आपल्याकडं जुन्या घरात शहाबादी फरशी, भिंती मोकळ्या, त्यामुळं स्पीकर लावला की आवाज घुमतो आणि झांजेचा नुसता चरचराट होतो. उपाय घरातच पडलाय, दोन सोलापुरी चादरी घ्या, एक फरशीवर अंथरा, एक स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगा. जाड विणीची जुनी असली तर आणखी बरं. घुमणं लगेच कमी येतं, टाळी वाजवून आधी आणि नंतर बघा. वेळ रात्री जेवण झाल्यावरची. मे महिन्यात दुपारी बसू नका, कूलर चालू असला तर ऑर्गनवाला जॉन लॉर्ड काय वाजवतोय ते देवालाच माहीत. पूर्व भागात राहणाऱ्यांनी शेजारचे माग बंद असायची वेळ बघून घ्यावी, आणि मिरवणुकीच्या दिवशी तर विषयच सोडा.

ब्लूटूथचा एकच डबा असेल तर त्यापेक्षा साधे वायरवाले इअरफोन चांगले. या रेकॉर्डिंगमध्ये रिची ब्लॅकमोरची गिटार एका बाजूला आणि लॉर्डचं ऑर्गन दुसऱ्या बाजूला ठेवलंय, एका डब्यात ते दोन्ही एकमेकांत कालवून जातं आणि कोण काय वाजवतंय ते कळतच नाही, कारण लॉर्ड आपलं हॅमंड ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल अँपमधनं वाजवायचा, म्हणून तेपण गिटारसारखंच गुरगुरतं. मोबाइलमधला बेस बूस्ट बंद करा. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं क्रॉसफेडचं सेटिंग बंद, दोन गाण्यांच्या मधे खंड न पाडणारं गॅपलेस चालू. फुकटच्या अॅपवर दोन गाण्यांच्या मधे जाहिरात येत असेल तर कुणाची तरी सीडी मागून आणा, टाळ्या चालू असताना मधेच साबणाची जाहिरात ऐकणं म्हणजे छळ आहे.

बॅकग्राउंड थोडक्यात. ऑगस्ट १९७२, तारीख १५ आणि १६ ला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुदोकान. (इकडं आपल्या जिल्ह्यात तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस.) अल्बम आधी फक्त जपानपुरताच काढायचा होता, बँडला लाइव्ह रेकॉर्डचं फारसं कौतुक नव्हतं, म्हणून त्यांनी आपलाच इंजिनीअर मार्टिन बर्च सोबत नेला. तेच बरं झालं.

'हायवे स्टार'ला काही करायचं नाही, नुसतं बसायचं. 'चाइल्ड इन टाइम'ला मात्र सावध. सुरुवात इतकी हळू आहे की आपला हात आपोआप आवाज वाढवायला जातो, तो जाऊ देऊ नका, कारण पुढं गायक इयान गिलन जे किंचाळायला लागतो त्यानं शेजारचे काका उठून येतात. ऑर्गनची ती सुरुवातीची धून इट्स अ ब्यूटिफुल डे या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरनं उचललेली आहे, मुंबईचं नाव असं फिरून फिरून ओसाकात पोचलं.

'स्मोक ऑन द वॉटर' सगळ्यांना येतं, गिटारच्या क्लासला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोला फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला, त्याचं हे गाणं. पण इथं सुरुवात नीट ऐका, ब्लॅकमोर तो रिफ, म्हणजे परत परत येणारी ती गिटारची धून, सरळ वाजवतच नाही, ठेका जरा इकडंतिकडं सरकवतो, त्यावर टाळ्या वाजवणाऱ्या पब्लिकची पंचाईत. हे दोन-तीनदा मागं घेऊन ऐकलं तरी चालेल, क्रमाचा नियम तेवढ्यापुरता मोडा.

'द म्यूल' म्हणजे जवळजवळ सगळा इयान पेसचा ड्रम सोलो. ड्रम आवडत नसतील तर चहा ठेवायची हीच वेळ, मी काही बोलणार नाही. गाण्यांच्या मधे एका ठिकाणी गिलन साउंडवाल्याला सांगतो की सगळंच सगळ्यापेक्षा मोठं कर. आपल्या डीजेवाल्यांना हे शिकवावं लागत नाही.

माझ्या मते खरा माल 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये आहे. गाण्याच्या मधे सगळे बाजूला होतात आणि गिटार आणि गळा, दोघांचा सामना लागतो, अगदी शाहिरांच्या सवाल-जवाबासारखा. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातनं जसाच्या तसा परत देतो, मग अजून वरचा, अजून वाकडा. इथं डोळे मिटून दोन्ही कानांकडं लक्ष ठेवा, गिलन कुठं गिटारच्या पुढं जातो ते पकडायचा प्रयत्न करा. शेवटी तो जी लांबलचक किंकाळी ठोकतो तिथं माझा एक मित्र दर वेळी 'आता मरतंय बे हे' म्हणतो. 'लेझी'त लॉर्ड आधी ऑर्गनचे चित्रविचित्र आवाज काढत खेळत बसतो, घाई करू नका, नंतर गाडी रुळावर येते आणि गिलनची माउथ ऑर्गनपण आहे.

उरलं 'स्पेस ट्रकिन'. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथं जवळजवळ वीस, जुन्या दोन एलपींच्या संचाची चौथी बाजू या एकट्यानं खाल्लेली. शब्दांचं गाणं लवकर संपतं आणि पुढं नुसतं वाजवणं. पहिल्यांदा ऐकताना मधे कंटाळा येऊ शकतो, त्यात लाजायचं काही नाही. इतर कुणाकडं लक्ष न देता फक्त रॉजर ग्लोव्हरचा बेस धरून ठेवा, तो सापडला की बाकीचे कुठं भरकटतायत ते कळतं.

नंतरच्या काही आवृत्त्यांमध्ये 'ब्लॅक नाइट', 'स्पीड किंग' आणि 'लुसिल' ही एन्कोरची, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर पब्लिकच्या आग्रहानं वाजवलेली, गाणी जोडली आहेत. ती वेगळ्या दिवशी ऐका. तिन्ही रात्रींचा जवळजवळ सगळा माल असलेला 'लाइव्ह इन जपान' नावाचा तीन सीडींचा संच १९९३ ला आला, त्यात एकच गाणं ओसाकात कसं आणि टोकियोत कसं हे लावून बघता येतं, पण तो नाद लागलेल्यांसाठी. साध्या माणसानं याच्यानंतर द हू या बँडचा १९७० चा 'लाइव्ह अॅट लीड्स' घ्यावा, तिथं ऑर्गन नाही, त्यामुळं गिटार, बेस आणि ड्रम यांच्यात कोण कुणाच्या अंगावर जातंय ते लवकर कळतं. चादर भिंतीवरच राहू द्या.